निरोप घेऊन झाल्यावर

“उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात इनफिल्ट्रेट दिसतंय,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. इनफिल्ट्रेट म्हणजे जिथे नुसती हवा असायला हवी तिथे दुसरंच काहीतरी साचलेलं असणं. मला तिथे पिंजलेल्या कापसाचा बोळा दिसला. “टीबी असू शकतो. खात्री होईपर्यंत तुमच्या व्हिसाचं काम पुढे सरकणार नाही.”

त्यावर माझ्या तोंडून जे निघालं ते आठवलं की आजही ओशाळायला होतं. मी म्हणाले, “पण डॉक्टर, आम्ही घर रिकामं केलंय.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, आधी थुंकी तपासू. घराचं नंतर बघू.”

हे सगळं मी लिहिते आहे ते ज्यांच्यावर हीच पाळी येईल त्यांच्यासाठी. टीबी आपल्याला होत नाही, तो कोणा दुसऱ्यांना होतो, असं मीही समजत होते. मी कऱ्हाडची. नऊ वर्षं चेन्नईत, अण्णा नगरात भाड्याच्या घरात राहते. माझं ऑफिस जवळ म्हणून आम्ही ही जागा घेतली आणि नवरा, अमोल, रोज पहाटे कंपनीच्या बसने शहराबाहेर ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात जात राहिला. मुलगी इरा सात वर्षांची, इथेच जन्मलेली. अमोलला कॅनडात नोकरी लागली आणि आम्ही तिघांनी व्हिसाला अर्ज केले. वैद्यकीय तपासणी हा त्यातला शेवटचा उपचार, असं आम्ही धरून चाललो होतो.

चूक झाली ती तिथे. आपल्या लोकांत कोणी परदेशी निघालं की प्रत्येक घरी जेवायला बोलावणं होतं. चेन्नईतल्या मराठी मंडळींत तर जरा जास्तच, कारण इथे आम्हाला एकमेकांशिवाय कोण आहे? तपासणीची तारीख पडायच्या आधीच आमची ही निरोपाची जेवणं सुरू झाली. पुरणपोळ्या झाल्या, श्रीखंड झालं, एका घरी तर खास कोल्हापूरहून मसाला मागवून पांढरा-तांबडा रस्सा झाला. प्रत्येक घरी माझी ओटी भरली. घरात ब्लाउजपिसांचा गठ्ठा आणि नारळांचा ढीग साठला. मोबाइलवर मी समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो टाकून ‘बाय बाय चेन्नई’ असं लिहिलंसुद्धा.

त्या सगळ्या जेवणांत मी खोकत होते. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. वजन उतरलं होतं, आणि बायका मला म्हणत होत्या, “कॅनडाला जायचं म्हणून बारीक झालीस होय गं? छान दिसतेस.” मीही सुखावत होते. तेव्हा पहिली गोष्ट सांगते. खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकला, संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला आणि न जेवल्यासारखं वजन उतरू लागलं, तर कौतुक ऐकत बसू नका, थुंकी तपासून घ्या.

थुंकीचे नमुने लागोपाठ तीन दिवस सकाळी, काही न खातापिता द्यायचे असतात. जीन एक्स्पर्ट नावाची तपासणी झाली. टीबीचे जंतू आहेत का आणि नेहमीच्या औषधांना ते दाद देतील का, हे ती पटकन सांगते. जंतू होते. दाद देणारे होते. दुसरी तपासणी कल्चरची. त्यात ते जंतू वाढतात का हे बघायला आठवडेच्या आठवडे जातात. डॉक्टर म्हणाले, “तुमचं नशीब चांगलं आहे. साधा टीबी आहे. सहा महिने औषध, मग पुन्हा कल्चर. ते निगेटिव्ह आलं की विमानात बसा.”

त्या दिवशी मला नशीब वगैरे काही दिसत नव्हतं. घरी आले तर घरात तीन गाद्या, चार बॅगा आणि एक प्लास्टिकची खुर्ची. फ्रिज, कपाट, मिक्सर, सगळं देऊन झालं होतं. ज्वारी दळायची माझी घरघंटी दोन गल्ल्या पलीकडे बाबर वहिनींकडे गेली होती. इथल्या गिरणीत तांदूळ आणि मिरच्या दळतात. ज्वारी नेली की तिखट भाकरीची तयारी ठेवावी लागते, म्हणून आमच्यापैकी ज्यांना परवडेल ते घरघंटी घेतात. ती देताना मी म्हणाले होते, “घ्या वहिनी, मला काय आता तिकडे भाकऱ्या थापायच्यात?”

पहिले काही आठवडे मी आतल्या खोलीत वेगळी राहिले. औषध सुरू झालं की संसर्गाचा धोका लवकर कमी होतो, पण डॉक्टर सांगतील तोपर्यंत खिडक्या उघड्या ठेवायच्या, मास्क लावायचा, लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही. इराचीही तपासणी झाली. ती ठीक होती, तरी तिला प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या. ती दारात उभी राहून मला शाळेतलं सांगायची आणि मध्येच पाय पुढे टाकला की स्वतःच मागे घ्यायची. तेवढं एक बघवत नसे.

चार औषधांची मिळून एक गोळी असते. वजनाप्रमाणे तशा काही गोळ्या सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या. लघवी केशरी होते, घाबरू नका. मळमळतं. तोंडाला तांब्याच्या भांड्यासारखी चव येते. यकृतावर परिणाम होतो म्हणून अधूनमधून रक्ताची एलएफटी, म्हणजे यकृताची तपासणी करावी लागते. औषध सरकारी केंद्रातून फुकट मिळतं, आणि तिथली नर्स फोन करून गोळी घेतली का विचारते. पहिल्यांदा तिचा फोन आला तेव्हा मला ती पाळत वाटली. पुढे तिने एक दिवस फोन केला नाही तर मीच तिला केला.

आता लपण्याचा भाग. ज्यांनी निरोप दिला होता त्यांच्यासमोर जायचं कुठल्या तोंडाने? त्यांच्या लेखी मी ढगांच्या वर होते. शिवाय टीबी हा शब्द. अमोल म्हणाला, सांगून टाकू. मी म्हणाले, खबरदार. मग आम्ही आमच्याच गल्लीत चोरासारखे राहू लागलो. मी मास्क लावून, डोक्यावर ओढणी घेऊन भाजीला जायची. कोणी मराठी बोलताना ऐकू आलं की औषधाच्या दुकानात शिरायची. त्या दुकानदाराची माझ्याशी चांगली ओळख झाली.

घरमालकीण सरोजाबाईंपासून मात्र लपणं शक्य नव्हतं. त्या खालच्याच मजल्यावर राहतात. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राज्याबरोबर इकडे आले, आणि त्या अजून घरात मराठी बोलतात, तमिळच्या चालीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आमची जागा त्यांनी दुसऱ्या भाडेकरूंना कबूल केली होती. अमोल त्यांना सांगायला गेला, परत आला तो म्हणाला, “त्यांनी त्या लोकांना नाही म्हणून कळवलंसुद्धा.” संध्याकाळी त्या स्वतः वर आल्या, दारातच उभ्या राहिल्या.

“काय म्हणून सांगिट्ले डॉक्टर?”

मी म्हणाले, “कावीळ आहे, आजी.”

“कावीळला मास्क कशाला?” त्या म्हणाल्या. “माझ्या थोरल्या बहिणीस होतं तें. बरी झाली, नातवंडं अस्की पाहून गेली. तूं खा. नुसतं खा.”

त्या दिवसापासून दुपारी जिन्यावर डबा येऊ लागला. भात, सारू म्हणजे त्यांच्याकडचं रसम, एखादी भाजी, दही. मळमळीमुळे मला एरवी काही जात नव्हतं, पण ते कढत सारू जायचं. नऊ वर्षं मी या शहरातल्या भाताच्या नावाने बोटं मोडली होती. उकाडा, पाण्याचे कॅन, भाषा, रिक्षावाले, सगळ्यांच्या नावाने मोडली होती. आता खिडकीपाशी बसून मला तेच ऐकू यायचं आणि त्याचं बरं वाटायचं. खाली कोळशाची इस्त्री घेऊन उभा असलेला माणूस, मोगऱ्याचे गजरे विकणारी सायकल, गच्चीवर दोन तासांत कडकडीत वाळणारे कपडे. भाजीवाली कढीपत्ता आणि कोथिंबीर न मागता पिशवीत टाकायची. आजारी माणसाला लागणारं सगळं हाकेच्या अंतरावर होतं. कोपऱ्यावर एक म्हातारे डॉक्टर बसतात. त्यांच्याकडे वेळ घ्यावी लागत नाही. बाकावर बसायचं, नंबर आला की आत जायचं. मी किती वेळा त्या बाकावर बसून कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

पण भाकरी हवी होती. पाकिटातलं ज्वारीचं पीठ जुनं असतं, भाकरी थापताना चिरते. मी तव्यावर तुकडे भाजून खाल्ले आणि रडले. हे औषधामुळेही होतं म्हणतात, असं मी अमोलला सांगितलं.

आणि मग व्हायचं ते झालं. भाजीच्या दुकानात शेवग्याच्या शेंगा निवडताना शेजारून आवाज आला.

“अगं, तू कॅनडात ना?”

बाबर वहिनी. त्या साताऱ्याकडच्या, नवरा बँकेत. मला काहीतरी थाप सुचायला हवी होती, पण शेंगा हातात घेऊन मी एवढंच म्हणाले, “वहिनी, मला टीबी झालाय.” दुकानात मराठी कळणारं कोणी नव्हतं, पण टीबी हा शब्द सगळ्या भाषांत सारखाच. दोन माणसं मागे सरकली. वहिनी नाही सरकल्या. त्यांनी माझ्या हातातली टोपली काढून घेतली आणि म्हणाल्या, “आणि आम्ही खुळ्यासारखं तुझ्या फोटोंची वाट बघतोय. म्हटलं, तिकडे जाऊन बया शेफारली.”

दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान आणि त्यांच्या इमारतीचा वॉचमन घामाघूम होऊन घरघंटी आमच्या पहिल्या मजल्यावर घेऊन आले. पाठोपाठ ज्वारीची पिशवी. “जाताना परत दे,” वहिनी म्हणाल्या. “तोवर माझा नवरा चपात्या खाईल. मरत नाही.”

मग बाकीचेही आले. कोणी मिक्सर आणला, कोणी खुर्च्या. आमचंच सामान आमच्याकडे पाहुणं म्हणून येऊ लागलं. एक घर आलं नाही. त्या बाईंनी फोनवर चौकशी केली आणि सांगितलं, आमच्याकडे लहान बाळ आहे. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, बहुतेक फोनही केला नसता.

ऑगस्टमध्ये अमोलला नोकरीवर हजर होणं भाग पडलं. त्याचा आणि इराचा व्हिसा आला होता. इराची तिकडची शाळा सप्टेंबरात सुरू होणार होती, शाळा सुटल्यावरची सोय शाळेतच होती. इराला माझ्याजवळ ठेवावं असं मला वाटत होतं. अमोलचं म्हणणं, अर्धं वर्ष इथे, अर्धं तिथे, तिचे हाल होतील. त्याचं बरोबर होतं. मी मळमळत पडलेली, तिला रोज शाळेत कोण सोडणार? मी हो म्हणाले. तेव्हा मला तिला जवळ घेण्याची परवानगी मिळून दोनच महिने झाले होते.

ते गेले, आणि मला बरं वाटू लागलं. असं लिहिताना कसंतरी होतं, पण खरं तसंच घडलं. गोळ्या कमी झाल्या, भूक लागू लागली, वजन वाढलं. मी घरून थोडं काम करू लागले. संध्याकाळी सरोजाबाईंच्या ओट्यावर बसून कॉफी घ्यायची. मला इतकं निवांत या शहरात कधीच वाटलं नव्हतं.

ऑक्टोबरात इराचा कान दुखला. व्हिडिओवर ती कानाला हात लावून बसली होती आणि अमोल फोनवर कुठे कुठे विचारत होता. डॉक्टरची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळत होती. शेवटी तो तिला हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात घेऊन गेला. तिथे जे जास्त आजारी त्यांना आधी घेतात, ते योग्यच आहे. ती दोघं रात्रभर खुर्चीवर बसून राहिली. मी इथे, भर सकाळी, खिडकीपाशी फोन धरून. खाली कोपऱ्यावर त्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या बाकावर तेव्हा एकही माणूस नव्हता. मी तिला उचलून चपला न घालता खाली नेलं असतं, डॉक्टरांनी कानात बत्ती मारून पाहिलं असतं, तिला एक गोळी आणि एक चॉकलेट दिलं असतं. मी ठणठणीत बरी होत इथे बसले होते आणि मुलगी तिथे कान धरून. त्या दिवशी मला जे वाटलं त्याला टीबीच्या कुठल्या गोळीचा उपयोग नव्हता.

मी खाली जाऊन सरोजाबाईंना म्हणाले, “चार-पाच वर्षं राहू आणि परत येऊ, आजी. मुलगी मोठी व्हायच्या आत.”

त्या तांदूळ निवडत होत्या. “आमचे लोकही तसंच म्हणून आलें असतील,” त्या म्हणाल्या. “तीनशे वर्षें झालीं. कोण परत गेलं?” मग माझा चेहरा पाहून त्यांना वाईट वाटलं असावं. “वाईट काही झालं नाही कीं. मी सुखांत आहें. पण तुझं महाराष्ट्र मी एकदांहि पाहिलं नाही.”

औषध संपलं. शेवटचे नमुने दिले. कल्चरची वाट बघण्यात मार्गळी हा इथला धनुर्मास आला, गल्लीतल्या बायका पहाटे उठून दारात मोठमोठ्या रांगोळ्या घालू लागल्या. ज्यांना हे वाट बघणं भोगायचं आहे त्यांना सांगते, त्या आठवड्यांत रोज केंद्रात फोन करू नका. जंतू आपल्या घाईने वाढत नाहीत किंवा मरत नाहीत.

पोंगलच्या, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या, आधी डॉक्टरांनी बोलावलं. तेच डॉक्टर, तीच खोली. “कल्चर निगेटिव्ह,” ते म्हणाले. “जंतू वाढले नाहीत. तुम्ही बऱ्या झालात. आता घर रिकामं करा.” त्यांना माझं ते वाक्य लक्षात होतं. ते हसले, आणि मला रडू फुटलं. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि नर्सला म्हणाले, आनंदाचे अश्रू आहेत. मी मान हलवली. इतके महिने मी मुलीकडे जायला मिळावं म्हणून हा कागद मागत होते, आणि तो हातात आल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला की अजून महिनाभर उशीर झाला असता तर काय बिघडलं असतं. आई असून असा विचार आला, हे मी कोणापाशीच बोलले नव्हते. इथे लिहिते आहे.

या आजाराने मला काय दिलं, असं कोणी विचारलं तर सांगेन. ज्या शहरात नऊ वर्षं उंबऱ्यावर चपला घालून उभी होते, त्यात मला आठ महिने राहायला मिळालं. त्यासाठी मी सरोजाबाईंची, बाबर वहिनींची, त्या नर्सची आणि कढीपत्त्याच्या काडीचीही ऋणी आहे. पण हे आधी कळलं असतं तर मी अमोलला त्या अर्जावर सही करताना थांबवलं असतं. निदान एकदा विचारलं तरी असतं. आता तिथली नोकरी आहे, घर आहे, शाळा आहे, आणि परतीचा रस्ता दिसतो तितका सोपा नाही.

त्या रविवारी मी दोघांना फोनवर बातमी सांगितली. अमोलचे डोळे भरले. इरा पलंगावर उड्या मारू लागली. मागे खिडकीत सगळा बर्फ होता.

“आईचा टीबी गेला! आईचा टीबी गेला!” मग ती फोनजवळ आली, अगदी नाक लावून. “मग कधी?”

“तिकीट काढतेय गं. दहा-बारा दिवसांत येतेच मी.”

तिने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विमानतळावर आम्ही तिला एवढंच सांगितलं होतं की आई बरी झाली की आपण सगळे पुन्हा एकत्र राहू. कुठे, ते सांगायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्याला आईचा आजार लागू नये म्हणून बाबा आपल्याला लांब घेऊन आले आहेत, आणि तो गेला की घरी जायचं आहे, असं धरून ती इतके महिने त्या बर्फात शहाण्यासारखी राहिली होती.

“तू नाही गं आई,” ती म्हणाली. “आम्ही कधी येणार?”